मलिक अंबरचा चेहरा कोणाचा?

मलिक अंबर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जमीनमहसुलाची पद्धत, गनिमी कावा, खडकी शहर, नहर. पण डोळे मिटून त्याचा चेहरा आठवा म्हटलं, तर आपल्यापैकी किती जणांना आठवेल?

एक चेहरा डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. १६१६ च्या सुमाराचं अबुल हसनचं चित्र. जहांगीर पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात जहांगीरला ते मुंडकं कधीच मिळालं नाही. अंबर म्हातारा होऊन १६२६ मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. रणात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं, दुसरं काय! पण शत्रूनं काढवून घेतलेला तो चेहरा चारशे वर्षं टिकला.

दुसरा चेहरा ओमर व्हिक्टर दियोपचा. जन्म १९८०, डाकार, सेनेगल. 'प्रोजेक्ट डायस्पोरा' ही त्याची छायाचित्रमालिका २०१४ ची. आफ्रिकेबाहेर नाव काढलेल्या आफ्रिकी माणसांच्या वेशात तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. त्यात अंबरही आहे. आणि या चित्रांत मध्येच फुटबॉलची एखादी वस्तू येते. बेलेचं उदाहरण बघा. जिरोदेनं १७९७ मध्ये रंगवलेल्या बेलेची ऐट दियोपनं तशीच ठेवली आणि हाताशी दिला चेंडू! पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं, की युरोपातला काळा खेळाडू गोल करतो तेव्हा लाडका असतो आणि हरला की त्याच्या रंगावर शिव्या पडतात. बाजारात विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा अंबर याच गोष्टीतला आहे.

तरी आमची एक तक्रार आहे. अंबर इथिओपियाचा, म्हणजे पूर्वेचा. दियोप पश्चिम किनाऱ्याचा. सगळ्यांना एकच चेहरा देणं म्हणजे पंजाबी माणूस उभा करून त्याला तमिळ म्हणण्यासारखं आहे. 'आम्ही सगळे एक' हे सांगण्यासाठी दियोप ते मुद्दाम करतो हे मान्य. पण त्या भरात अंबरचा दख्खन निसटतो. ज्याच्या बाजूनं मराठे सरदार लढले, ज्यानं इथं शहर वसवलं, तो निव्वळ परदेशी गेलेला आफ्रिकी नव्हता, इथलाच होऊन गेला होता. मालिकेच्या चौकटीत त्याचं हे अर्धं आयुष्य मावत नाही.

मग यवतमाळात बसून आपण हे का बघायचं? रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे आपल्या कोलामांवरही त्यात प्रकरण आहे. त्यातले फोटो बघा. खाली बहुतेक ठिकाणी जमातीचं नाव, काम काय चाललंय ते, आणि बस्स. दळणाऱ्या बाया गोंड आहेत एवढं कळतं. त्या बायांची नावं? ती विचारावीत असं कुणाला वाटलंच नाही. दियोप नेमकं उलटं करतो. आधी नाव, मग त्या नावासाठी स्वतःचा देह. चेहरा उसना असेल, पण माणूस नमुना म्हणून उभा नाही. आजही पांढरकवड्याकडे, झरीकडे कॅमेरा घेऊन जाणारे पाहुणे 'आदिवासी स्त्री' एवढंच लिहून फोटो टाकतात, आणि त्या बाईचं नाव गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं.