जेत्याच्या आईचा लेख

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीने मुलगा गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती कोरून घेतली. तो गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी. आईची सेवा करणारा मुलगा, असंही त्यात येतं. तिथे लेख खरा वाटतो. शक-यवन-पहलवांचा संहार, क्षहरात वंश निःशेष, इथे मात्र शत्रूला चेहराच नाही. तो पाहायला दहाव्या लेण्यात जा: क्षहरात नहपानाचा शक जावई उषवदात तिथे भिक्षूंना लेणं आणि चीवरांसाठी पैसे देतोय. १९०६ साली जवळच्या जोगळटेंबीला नहपानाची १३,०००हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलाय. वितळवली नाहीत, काहींवर खालचा नहपान अजून दिसतो.