स्वामी सामन्याला आलाच नाही

यंदाच्या श्रावणात पावसाने सलग आठ दिवस मढ सोडले नाही. माळशेजकडून ढग उतरत, पिंपळगाव जोग्याच्या धरणावर येऊन बसत आणि एकदा बसले की उठण्याचे नाव काढीत नसत. वीज आपल्या मर्जीने येई आणि जाई. अशा कोंडलेल्या दिवसांत पुण्याहून आलेला माझा भाचा फोनवर एक जुनी अमेरिकन मालिका पाहत बसला होता. तो कॉलेजात बास्केटबॉल खेळतो, त्यामुळे त्याची आवड मी समजू शकत होतो. मालिकेचे नाव 'द व्हाइट शॅडो'. १९७८ ते १९८१ या काळात ती तिकडे दाखवली गेली आणि आज तिकडच्यांनाही ती फारशी आठवत नसावी. गुडघा निकामी झाल्यामुळे व्यावसायिक खेळ सोडावा लागलेला एक गोरा खेळाडू लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीतील एका शाळेवर प्रशिक्षक म्हणून येतो आणि तिथल्या, बहुतेक कृष्णवर्णीय, मुलांचा संघ उभा करतो, अशी तिची कथा. भाचा मधून मधून संवादांचा अर्थ सांगत होता. दोन भाग झाल्यावर मी म्हणालो, "असली एक मालिका आमच्याकडेही होती रे."

"कोणती, मामा?"

"मालगुडी डेज. त्यातली स्वामीची गोष्ट."

तो हसला. "ती तर लहान पोरांची गोष्ट. तिच्यात खेळ कुठं आहे?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. खेळ होता, एवढे पक्के आठवत होते. पण सामना कसा झाला, कोणी किती धावा केल्या, हे काही केल्या आठवेना. मग त्या पावसातच चार-पाच रात्री बसून आम्ही दोघांनी स्वामीचे सगळे भाग पाहिले. पुढचे लिहिणे हे त्या पाहण्यातून आले आहे.

आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ सालची. तिच्यावरून आणि त्यांच्या मालगुडीच्या इतर कथांवरून शंकर नाग यांनी ही मालिका केली व १९८६-८७ च्या सुमारास ती दूरदर्शनवर आली. नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून यांच्यामुळे तिची सुरुवात अजूनही पुष्कळांच्या कानाडोळ्यांत आहे. स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ, आणि त्याचे वडील गिरीश कार्नाड. ही मंडळी आपल्याला परकी नव्हेत. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, आणि 'उंबरठा'त मराठी प्रेक्षकांनी त्यांना पाहिलेले. शंकर नाग मुंबईच्या नाट्यवर्तुळात वाढलेले. चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. १९९० साली ऐन उमेदीत अपघाताने ते गेले. आणि मंजुनाथला त्याच वर्षी आपण पुन्हा पाहिले ते 'अग्निपथ'मध्ये, मांडव्याच्या दीनानाथ चव्हाण मास्तरांचा मुलगा म्हणून. एका पोराने तीन-चार वर्षांच्या अंतराने दोन जन्म घ्यावेत, एका जन्मात छडी चुकवावी आणि दुसऱ्यात मास्तर बापाचे प्रेत पाहावे, याचे मला त्या वयात फार गूढ वाटले होते. ते असो.

मी ही मालिका प्रथम पाहिली तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. आमच्या आळीत टीव्ही एकच, तोही काळा-पांढरा. डोंगराच्या कुशीतले गाव, त्यामुळे चित्र धरण्यासाठी कोणीतरी छपरावर चढून अँटेनाचा बांबू फिरवायचा आणि खालून बाकीच्यांनी "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे. हिंदी आमच्या आईला कळत नसे, तरी ती पदराने हात पुसत दारात उभी राही. तिला स्वामीची आजी आवडायची. त्याच दशकात रणजित देसाई यांच्या 'स्वामी'वरची मराठी मालिकाही गाजली, त्यामुळे "आज स्वामी आहे" असे कोणी म्हटले की "पेशव्यांचा की पोराचा?" असे आमच्याकडे विचारीत. आमचा स्वामी अर्थातच पोराचा.

त्या वेळी तो इतका जवळचा का वाटला, याचे एक कारण आता ध्यानात आले. चित्रण झाले शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे या गावी, आणि आगुंबे म्हणजे पावसाचे माहेर. कौलारू घरे, ओल धरलेल्या भिंती, छत्र्या, रस्त्यालगतची गर्द झाडी; हे सगळे आमचेच होते. पुढे शब्दकोश शेजारी ठेवून दहावीच्या इंग्रजीच्या बळावर मी मूळ कादंबरी वाचून काढली, तेव्हा मात्र चकित झालो. पुस्तकातली मालगुडी उन्हाची आहे. शरयूच्या वाळवंटात पोरे बसतात, गावात धूळ उडते, दुपारी डोके तापते आणि त्या तापल्या डोक्याने भांडणे होतात. दिग्दर्शकाने त्या उन्हाच्या गावाला पावसाळा लावला. त्यात डोळ्यांना सुख मिळाले, पण थोडे नुकसानही झाले. पुस्तकातला स्वामी जितका धास्तावलेला आणि चिडलेला आहे, तितका पडद्यावरचा दिसत नाही. हिरवाई त्याला मऊ करते. शिवाय ही तमिळ मुलुखातली पोरे एकमेकांशी अशी स्वच्छ हिंदी बोलतात की आमच्या शाळा-तपासणीला आलेल्या साहेबांनाही बोलता येऊ नये. हे दोष मी लपवणार नाही.

पण खेळाच्या गोष्टीकडे वळले की मालिकेचे बळ दिसू लागते. राजम हा पोलीस सुपरिंटेंडेंटचा मुलगा. त्याच्या पुढाकाराने पोरे क्रिकेटचा क्लब काढतात आणि त्याला ऐटीत एम.सी.सी. असे नाव देतात. मूळ कादंबरीत ती मद्रासच्या एका दुकानाला बॅटा पाठवण्यासाठी पत्र लिहितात. उत्तरात आगाऊ रकमेची मागणी येते, तेव्हा हे पत्र आपल्याला नसणारच, अशी समजूत करून घेऊन ते परत धाडतात. स्वामी आजीला क्रिकेट समजावून सांगू पाहतो आणि तिचे अज्ञान पाहून त्याला तिची कीव येते. राजम त्याला टेट म्हणतो. टेट हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज गोलंदाज. बिचाऱ्या स्वामीची सगळी कीर्ती त्या दोन अक्षरांत.

आणि इथेच शाळा आडवी येते. स्वामी ज्या बोर्ड हायस्कुलात आहे तिथल्या हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावर कवायत सक्तीची केली आहे. कवायत संपवून स्वामी मैदानावर पोचेपर्यंत दिवस मावळायला येतो. सामना जवळ आलेला. राजम स्वतः हेडमास्तरांना भेटून पाहतो, उपयोग होत नाही. स्वामी डॉक्टरांकडे जाऊन आजारपणाचा दाखला मागतो. डॉक्टर हसून सांगतात, तुला काही झालेले नाही, मी तुमच्या हेडमास्तरांशी बोलेन. आणि बोलत नाहीत. विसरतात. त्यांच्या भरवशावर स्वामी कवायत चुकवतो, पकडला जातो, आणि हेडमास्तर छडी उगारतात तेव्हा ती हिसकून खिडकीबाहेर फेकतो नि पळत सुटतो. गावाबाहेर, मेंपी जंगलाच्या रस्त्याने. रात्र होते, वाट चुकते. जंगलखात्याच्या माणसांमुळे तो परत येतो, तोवर सामना होऊन गेलेला असतो आणि संघ हरलेला असतो.

या सबंध कथेत दुष्ट म्हणावा असा माणूस एकही नाही. हेडमास्तर कडक आहेत, पण पोरांनी कवायत करावी असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. डॉक्टर तर भलेच. मला या वेळी सर्वांत जास्त बोचले ते त्यांचे हसणे. दहा वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतलेली गोष्ट मोठ्या माणसाच्या खिशात सुटे पैसे असावेत तशी पडून राहते आणि संध्याकाळपर्यंत हरवते. नारायण यांनी हे एकही जड वाक्य न लिहिता केले आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा हेवा वाटतो. मी असतो तर डॉक्टरांना रात्री झोप लागली नाही, असे काहीतरी लिहून बसलो असतो.

आता त्या अमेरिकन मालिकेशी हे ताडून पाहा. तिथे खेळ हा शाळेचाच एक भाग आहे. शाळेला बंदिस्त मैदान आहे, पोशाख आहे, पगारी प्रशिक्षक आहे, आणि कथेचा नायकही तोच. पोरांची दुःखे आपल्याहून भयंकर आहेत. एका खेळाडूला तर गोळी लागून मरण येते, आणि साप्ताहिक मालिकेत असे करायला त्या काळी धाडस लागले असणार. पण काहीही झाले तरी एक मोठा माणूस पोरांच्या बाजूने शाळेतच उभा असतो. स्वामीच्या गोष्टीत प्रशिक्षक नाही. खेळ करायचा तो शाळेला चुकवून. म्हणूनच भाच्याला तिच्यात खेळ दिसला नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक पोरांच्या आठवणीतला खेळ असाच नाही काय? १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले, पुढे कबड्डीही शाळाशाळांतून रुजली, हे सगळे खरे. तथापि वेळापत्रकात खेळाचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी उसना घ्यायचा तास, हे वाचकांपैकी कोणाला सांगायला हवे?

उसना घेणाऱ्यांपैकी मीही एक. हे लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय ही मालिका मला या वेळी अशी का दिसली ते कळणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चढाईला वाऱ्यासारखा जाणारा एक मुलगा होता. तालुक्याच्या स्पर्धा दोन दिवसांवर आलेल्या. त्याचे पाढे कच्चे, वही कोरी. मी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले आणि म्हणालो, बाराचा पाढा पन्नास वेळा लिहिल्याशिवाय उठायचे नाही. आमच्याकडे संध्याकाळ लांबवता येत नाही. जुन्नर तालुक्यात बिबट्या कोणत्या बांधाआड बसला असेल ते सांगता येत नाही, म्हणून पोरे दिवस बुडायच्या आत घरी हवीत. म्हणजे सराव गेलाच. दुसऱ्या दिवशीही मी तेच केले. मी पाठ फिरवली तेव्हा तो खिडकीतून उडी टाकून गेला. छडी त्याने फेकली नाही. छडी आता कोणी धरीतही नाही. रात्री दहापर्यंत आम्ही कंदील नि बॅटऱ्या घेऊन धरणाच्या काठाने त्याच्या नावाने हाका मारत होतो. पहाटे कळले की तो पायी चालत मावशीच्या गावी पोचला होता. दुसऱ्या दिवशी सामना त्याच्याविना झाला. आमची पोरे पहिल्याच फेरीत हरली.

तो शाळेत परत आला. मी काही बोललो नाही, आणि मला वाटले होते की प्रकरण मिटले. पण त्याच्या संघातली मुले त्याच्याशी महिनाभर बोलली नाहीत. डबा तो एकटा खात असे. मला ते दिसत होते, आणि त्यांना सांगावे की चूक त्याची नव्हे, माझी, एवढे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले होते.

म्हणूनच या खेपेला मालिकेचा उत्तरार्ध मला वेगळा वाटला. लहानपणी मी जंगलाच्या प्रसंगाला घाबरलो होतो आणि स्वामी घरी आला तेव्हा गोष्ट संपली असे मानून निजायला गेलो होतो. खरी गोष्ट तिथून पुढे आहे. आईबाप त्याला पोटाशी धरतात, हेडमास्तरांचे भय मागे पडते. मोठ्यांच्या जगाने क्षमा केलेली असते. राजम क्षमा करीत नाही. पोरांच्या न्यायालयात डॉक्टरांचा विसर, कवायत, वाट चुकणे, यांतली एकही सबब चालत नाही. सामना होता आणि तू आला नाहीस, एवढेच. कादंबरीत तो सामना रंगवून सांगितलेलाच नाही. हरल्याची बातमी स्वामीला मित्राच्या तोंडून कळते. मला धावा का आठवत नव्हत्या, याचा उलगडा झाला. ज्याला खेळायला मिळाले नाही त्याच्यापाशी धावा कुठून असणार?

भाच्याला हे पटले नाही. त्याचे म्हणणे, खेळाची गोष्ट सांगायची तर खेळ दाखवायला हवा, नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखे होते. अमेरिकन मालिकेत घाम दिसतो, श्वास ऐकू येतो. त्याचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. चेंडू टाकताना मंजुनाथचा हात पाहून कोणीही त्याला टेट म्हणणार नाही. पण संघात असणे म्हणजे काय, हे मैदानाबाहेर राहिलेल्या मुलाइतके कोणाला ठाऊक असते, असे मी त्याला विचारले. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. कॉलेजच्या संघातून त्याला गेल्या वर्षी वगळले होते, हे मला त्याच्या आईकडून नंतर कळले.

शेवटी राजमच्या वडिलांची बदली होते. पहाटेची गाडी. स्वामी अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक भेट म्हणून घेऊन स्टेशनवर येतो. राजम साहेबाच्या पोरासारखा नटलेला, आजूबाजूला पोलिसांची आणि मोठ्यांची गर्दी. गाडी हलते, पुस्तक कसेबसे त्याच्या हाती जाते. कादंबरीत राजम काहीतरी म्हणतो ते गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. तो माझ्यावर अजून रागावला आहे का, असे स्वामी मणीला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मणी सांगतो, नाही, तो हसला, पत्र लिहीन म्हणाला. मणी खरे बोलतो की नाही, हे नारायण सांगत नाहीत.

माझा तो विद्यार्थी आता पिकअप चालवतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेट पोचवतो. परवा रस्त्यात गाडी थांबवून त्याने "गुरुजी, बसा" म्हटले आणि मला शाळेपर्यंत सोडले. सबंध वाटेवर तो डिझेलच्या भावाबद्दल बोलत होता. उतरताना मी त्याला विचारणार होतो. तेवढ्यात मागून एस.टी.ने हॉर्न दिला आणि त्याला गाडी काढावी लागली.