जिरेटोप कोणाच्या डोक्याला बसतो?

(आजरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



नाटकावर बोलायला आलो आणि सुरुवात कादंबरीकारापासून करतोय, हे जरा आडवळणाचं वाटेल. पण शिवाजी सावंत १९४० साली याच आजऱ्यात जन्मले, आणि १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘मृत्युंजय’चा नायक कर्ण. अंगात सगळं कर्तृत्व आहे, पण भरल्या सभेत कूळ विचारलं की मान खाली जाते. ‘तुला काय येतं?’ याच्या आधी ‘तू कोणाचा?’ हे विचारायची आपली जुनी सवय आहे. आजचं नाटक याच सवयीवर बोट ठेवतं.

नाटक म्हणजे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. २०१२ साली ते रंगमंचावर आलं. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची. कलाकार जालना जिल्ह्यातले, बरेचसे शेती करणारे. आपण ‘प्रायोगिक नाटक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दादरचं छबिलदास येतं, पुण्या-मुंबईची छोटी सभागृहं येतात. ती चळवळ मोठीच होती. पण तिचा परिघ शहरातलाच. इथे खऱ्या अर्थानं परिघावरची माणसं स्वतःच्या बोलीत बोलत मध्यभागी आली, आणि नाटकाचे शेकडो प्रयोग झाले.

गोष्ट साधी आहे. यमाला महाराजांचे विचार न्यायचे आहेत. पण विचार शोधायचे कुठे? खूण एकच, जिरेटोप. ज्याच्या डोक्याला तो नेमका बसेल, त्याच्याकडे विचार. तो टोप घेऊन यम आजच्या महाराष्ट्रात हिंडतो. इकडे भीमनगरात शिवजयंतीची तयारी चाललीय, आणि तिथून गोष्ट पोवाड्यांच्या मुकाबल्यापर्यंत जाते.

आता यातली मेख बघा. ‘शिवाजी कोणाचा?’ हा भांडणाचा प्रश्न आहे. त्यावर मिरवणुका निघतात, फलक लागतात, डोकी फुटतात. टोप हातात आला की प्रश्नच बदलतो. तो वारशानं मिळत नाही, वर्गणी भरून मिळत नाही, मोठ्या आवाजात घोषणा दिली म्हणूनही मिळत नाही. डोक्याचं माप जुळावं लागतं. मालकीचा प्रश्न लायकीचा होतो. एवढं काम एका साध्या वस्तूनं केलं, हे मला या नाटकाचं सर्वांत मोठं यश वाटतं.

हे आभाळातून पडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पवाडा छापला, तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात वाद घातले. पुढे आंबेडकरी जलसे आले. आणि आपल्या कोल्हापूरच्या गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ आधी भाषण म्हणूनच मांडलं. १९८८ मध्ये त्याची पुस्तिका झाली. रयत, जमीन, सारा, स्त्रियांची अब्रू, सगळ्या धर्मांचे सैनिक, असा तो युक्तिवाद. नाटक बघताना तो मला डफावर ऐकू येत होता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. तेव्हा हा नुसता कलेचा विषय आहे असं कुणी समजू नये.

‘हे नाटक नाही, भाषण आहे’ असा एक आक्षेप असतो. मला तो पटत नाही. आपल्याकडे शाहिरी ही वाद घालायचीच रीत आहे. तिथे मत लपवायचं नसतं, ठेक्यात आणि सवाल-जवाबात उभं करायचं असतं. प्रेक्षक हसतो, टाळी देतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येतं, अरे, हा टोला आपल्यालाच होता.

माझी तक्रार वेगळी आहे. कलगी-तुऱ्याचा नियम आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. समोरचा फड दमदार असला तरच जिंकण्याला चव. या मुकाबल्यात दुसऱ्या बाजूचा शाहीर मला कच्चा ठेवलेला वाटला. त्याच्या तोंडी एखादा खरोखर अडवणारा सवाल द्यायला हवा होता. कारण बाहेर, गावात, ती बाजू कच्ची नाही. तिच्याकडे श्रद्धा आहे, दुखावलेला अभिमान आहे, आणि हाताला काम नसलेली तरणी पोरं आहेत. त्या पोरांचं दुखणं नाटक ओळखतं, पण त्यांना पुरेसं गाऊ देत नाही. म्हणून शेवटी जी टाळी पडते ती मला थोडी स्वस्त वाटली. आधीच पटलेल्यांची टाळी होती ती.

तरी हे नाटक आजऱ्यासारख्या गावात व्हायला हवं असं मी म्हणेन, आणि नुसतं बाहेरून येऊन नव्हे. जालन्याच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या भाषेत केलं, तसं इथल्या बोलीत, इथल्या पोरांनी करावं. संहिता दुसरी असेल, सवाल दुसरे असतील. आपल्याकडे जयंत्या दोन्ही होतात, शिवरायांची आणि बाबासाहेबांची. मंडप किती वेळा एक असतो? एका वस्तीची मिरवणूक दुसऱ्या वस्तीतून जाताना डॉल्बीचा आवाज वाढतो की कमी होतो?

उत्तर मला देऊ नका. घरी जाताना आपापल्या डोक्याचं माप घ्या.