चिठ्ठीत नसलेली ओळ

किराणा दुकानाच्या बिलाएवढी कागदाची पट्टी. वर ट्रॅकचं नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि खाली आकड्यांची उतरंड. ड्रॅग रेसिंगमध्ये हिला टाइम स्लिप म्हणतात. अमेरिकेतल्या ड्रॅग ट्रॅकवर धाव आटोपून परतणाऱ्या चालकाला परतीच्या रस्त्यावरच्या एका खिडकीतून ती मिळते. एका धावेबद्दल अधिकृतपणे जे काही सांगायचं, ते एवढ्याशा कागदात सांगून झालेलं असतं. नमुन्यादाखल एक मांडून पाहू. गाडी म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेला डिझेल पिकअप ट्रक, चालकासकट वजन ३,२०० किलो. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर.

प्रतिक्रिया: ०.०८१
६० फूट: १.३८
३३० फूट: ३.७९
६६० फूट: ५.८१
वेग: ११९.६
१,००० फूट: ७.५८
१,३२० फूट: ९.०८
वेग: १५१.२

वेळ सेकंदांत, वेग ताशी मैलांत. बस, संपली संहिता.

पहिली ओळ चालकाच्या मज्जातंतूंची. हिरवा दिवा आणि चाक हलणं यांच्यात किती वेळ गेला, ते ती सांगते. गंमत अशी की ही ओळ खालच्या बेरजेत धरलेली नाही. घड्याळ सुरू होतं ते चाक आरंभरेषेवरच्या प्रकाशकिरणावरून पुढे सरकल्यावर. दिवा लागल्यावर कुणी डुलकी काढली तरी त्याचे ९.०८ तसेच राहतील, फक्त शेजारच्या पट्ट्यातला तोवर निघून गेलेला असेल.

खरा कस दुसऱ्या ओळीत आहे. सव्वातीन टनांचं धूड उभ्या जागेवरून ६० फूट जायला १.३८ सेकंद घेतं. आता तळाच्या दोन वेळा पाहा. १,००० ते १,३२० फूट हे ३२० फुटांचं अंतर कापायला लागले १.५० सेकंद. आरंभी ६० फुटांना जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढ्यातच शेवटी पाचपटीहून जास्त अंतर मागे पडलं. वजाबाकी केल्याशिवाय हे कळत नाही. चांगल्या रचनेसारखी ही चिठ्ठीही वाचणाऱ्याला थोडं काम ठेवते.

शेवटचा आकडा मात्र नीट पाहावा. तो अंतिम रेषेवरच्या क्षणाचा वेग नाही. रेषेच्या आधीच्या ६६ फुटांतली सरासरी आहे. काही शर्यतींत चालकाला आपली वेळ आधी जाहीर करावी लागते आणि त्याहून लवकर पोचला तर तो बाद होतो. असा चालक पुढे असला की शेवटच्या टप्प्यात हळूच ब्रेक टेकवतो. वेळ जेमतेम बदलते, वेगाचा आकडा मात्र धाडकन खाली येतो. मुरलेला वाचक त्यावरून ओळखतो की गड्यानं पाय उचलला. थांबण्याची या चिठ्ठीत उमटणारी खूण ती एवढीच, आणि तीही रेषेच्या अलीकडची.

रेषेच्या पलीकडे कागद कोरा आहे. वाच्यार्थ संपला, ट्रक मात्र ताशी २४३ किलोमीटरनं धावतोच आहे.

इथे थोडं गणित करू. जोरकस, पण गाडी हातातून सुटणार नाही अशा बेतानं वेग उतरवायचा म्हटलं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश इतका, तर या ट्रकला थांबायला साधारण १७ सेकंद आणि ५८० मीटर लागतात. शर्यत ४०२ मीटरची, थांबणं ५८० मीटरचं. नऊ सेकंदांचा हिशेब शतांशापर्यंत छापलेला आणि सतरा सेकंदांबद्दल अक्षर नाही. चिठ्ठीनं वगळलेला भाग सांगितलेल्या भागाहून मोठा आहे.

त्या सतरा सेकंदांत विल्हेवाट लावायची असते ती सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जेची. आकडा पोकळ वाटत असेल तर न्हाणीघराकडे वळू: वीस-बावीस लिटर गार पाणी उकळायला एवढीच उष्णता लागते. दीड टनाची मोटार ताशी शंभरवरून थांबते तेव्हा याच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाचा निकाल लावते. हा सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकला आणि चारही डिस्क मिळून ४० किलो बिडाच्या धरल्या, तर एका थांबण्यात त्या जवळपास चारशे अंशांनी तापतील. तापलेले पॅड पकड सोडतात. बोरघाट उतरताना जळक्या लायनरचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

म्हणून त्या कोऱ्या जागेतला पहिला शब्द ब्रेक नाही, पॅराशूट आहे. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगची सूत्रं सांभाळणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांत ताशी दीडशे मैलांपुढे ते सक्तीचं आहे. कारण हवेच्या स्वभावात आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. तीन मीटर व्यासाची छत्री ताशी २४३ किलोमीटरला या ट्रकला एक टनाहून अधिक जोरानं मागे खेचते; वेग निम्म्यावर आला की तीच ओढ चौथाईवर येते. ब्रेकचं नेमकं उलट. भर वेगात ते तापून हरतात, उतरत्या वेगात भरवशाचे ठरतात. एकानं सोडलेला सूर दुसऱ्यानं उचलावा तशी ही जोडी आहे. छत्री दमत जाते तसतसा ब्रेकवरचा पाय जड होत जातो. दोघांचा क्रम चुकला की बेसूर, आणि इथे बेसूर होणं म्हणजे आडवं होणं. उंच ट्रकला भर वेगात कचकन ब्रेक मारला तर भार पुढच्या चाकांवर कोसळतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो.

छत्री लावण्यातही कलाकुसर आहे. तिचा दोर गाडीला कुठे बांधायचा? गुरुत्वमध्याच्या उंचीला. फार वर बांधला तर ओढीनं नाक उचललं जातं आणि सुकाणूची चाकं हलकी पडतात. फार खाली बांधला तर मागची चाकं उचलू बघतात. दोर केवढा ठेवायचा? पिकअपच्या उभ्या पाठीमागे हवा भोवऱ्यासारखी फिरत असते; त्या भोवऱ्याच्या पार, स्वच्छ हवेत छत्री फुलेल एवढा. ती भरताना दोर नागमोडी घडीत बसवतात, कापडाच्या नऊवारीला घालाव्यात तशा निऱ्या घालतात आणि सर्वांत वर स्प्रिंग असलेली चिमुकली छत्री दाबून बसवून खीळ घालतात. चालकानं दांडा ओढला की खीळ सुटते, स्प्रिंग त्या चिमुकलीला भोवऱ्यापलीकडे भिरकावते आणि ती थोरलीला ओढून बाहेर काढते. यात सेकंदभर गेला तरी ट्रक ६७ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून फार वेगवान गाड्यांचे चालक रेषा येण्याच्या किंचित आधीच दांडा ओढतात. छत्री फुलते रेषेपलीकडे. ती ओढण्याचा निर्णय मात्र छापलेल्या भागातच झालेला असतो.

डिझेल ट्रकच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट आवळली जाते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं. डिझेलात ती झडप सहसा नसते. दट्ट्या हवा दाबतो, पण दाबलेली हवा लगेच दट्ट्याला परत ढकलते. उसनं घेतलं, उसनं फेडलं. इंजिनाच्या हाती फारसं काही उरत नाही. डिझेल इंजिनं बनवणारे क्लेसी कमिन्स यांना हे जिवावर बेतलं तेव्हा उमगलं. १९३१ साली डिझेल ट्रक घेऊन ते अमेरिका आडवी पार करत होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक लागेनासे झाले, पायथ्याच्या फाटकावरून मालगाडी जात होती आणि ट्रक तिच्या शेपटीला थोडक्यात चुकवून पार झाला. त्या उतारावरच्या धडकीतून पुढे जो इंजिन-ब्रेक निघाला, तो १९६१ मध्ये जेक ब्रेक म्हणून बाजारात आला. युक्ती साधी आहे: हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडायची. दाब निघून जातो, उसनं फेडायचं राहतं आणि तेवढी ऊर्जा गाडीच्या खात्यातून वजा होते. १९६२ पासून पुण्याला किर्लोस्कर कमिन्समुळे जे आडनाव परिचयाचं झालं, ते या क्लेसी कमिन्स यांचंच. मोठ्या ट्रकांत जेक ब्रेकची युक्ती रुळली. शर्यतीच्या पिकअपमध्ये मात्र इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून एक्झॉस्टची वाट अडवून गाडी रोखणारे अडसरही अनेकदा काढूनच टाकलेले असतात. म्हणजे भिस्त पुन्हा कापडावर आणि पॅडवर.

आणि कापडानं दगा दिला तर? २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत चालक स्कॉट कॅलिटा यांच्या ‘फनी कार’ वर्गातल्या गाडीचं इंजिन रेषेजवळ फुटलं, पेटलं आणि पॅराशूट निकामी झाली. गाडी वेग न सोडता वाळूच्या खड्ड्यापार गेली आणि कॅलिटा यांचा मृत्यू झाला. ती गाडी ट्रकच्या मानानं हलकी होती, पण तिचा वेग कितीतरी जास्त होता. त्यानंतर काही आठवड्यांतच असोसिएशननं सर्वांत वेगवान दोन वर्गांची शर्यत १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणली. ती आजही तेवढीच आहे.

हा बदल चिठ्ठीवर ठेवून वाचावा. पाव मैल हे या खेळाचं वृत्त होतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यातले शेवटचे ३२० फूट, म्हणजे आपण मघाशी वजाबाकीत पकडलेले ते सर्वांत वेगवान दीड सेकंद, कापून थांबण्याच्या पदरात टाकले गेले. न छापलेल्या ओळीनं छापलेली ओळ खोडली. ती परिशिष्टात ढकलण्यासारखी असती, तर तिच्यापायी वृत्त मोडलं नसतं.

आपल्या ट्रकला अजून पूर्ण १,३२० फूट आहेत. छत्री फुलली, खांद्यांवरचे पट्टे करकचले, चालकानं सुकाणू सरळ धरलं. वेग निम्मा झाला, ब्रेकनं सूर उचलला. शेजारचा पट्टा रिकामा आहे ना हे पाहून तो वळणाशी येतो, उतरतो, मलूल पडलेली छत्री गोळा करून मागच्या हौद्यात टाकतो आणि परतीच्या रस्त्यानं सावकाश निघतो. खिडकीतून हात येतो, पट्टी पुढे होते. ९.०८. १५१.२.

थांबण्याची ओळ तिच्यावर नाही, हे खरं. पण ही चिठ्ठी धाडून मिळत नाही, खिडकीशी येऊन घ्यावी लागते. ती आपल्या हातात आहे, यातच ती ओळ वाचून झाली.