आख्यायिकेचा प्याला : ‘हार्वे वॉलबँगर’ या कॉकटेलच्या पुनरुज्जीवनाची चिकित्सा

प्रस्तावना :
इतिहास आणि आख्यायिका यांतील भेद मराठी अभ्यासकाला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना अधिक प्रमाण मानले, ते याच भेदाच्या जाणिवेतून. हीच कसोटी ग्राहकसंस्कृतीतील एका वस्तूला लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ही वस्तू म्हणजे १९७० च्या दशकात अमेरिकेत गाजलेले, पुढे उपहासाचा विषय झालेले आणि अलीकडे नव्याने घडविले जात असलेले ‘हार्वे वॉलबँगर’ हे कॉकटेल होय.

पेयाचे स्वरूप व आख्यायिका :
या पेयाची प्रचलित कृती साधी आहे : ४५ मिलिलिटर व्होडका, ९० मिलिलिटर संत्र्याचा रस आणि वर तरंगत सोडलेले १५ मिलिलिटर गॅलियानो. गॅलियानो हे व्हॅनिला व बडीशेपेसारख्या स्वादाचे पिवळे इटालियन मद्य असून लिव्होर्नो येथील आर्तुरो वाकारी यांनी ते १८९६ मध्ये तयार केले. म्हणजे ‘स्क्रूड्रायव्हर’ या आधीच्या पेयात गॅलियानोची भर घातली, की हार्वे वॉलबँगर सिद्ध होते.

आख्यायिका मात्र याहून रंगतदार आहे. डोनाटो ‘ड्यूक’ अँटोन या मद्यमिश्रकाने १९५२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील ‘ब्लॅकवॉच’ बारमध्ये हे पेय तयार केले. स्पर्धेत हरलेला टॉम हार्वे नावाचा लाटास्वार ते पिऊन भिंतींवर आदळत बाहेर पडला आणि त्यावरून पेयास नाव मिळाले, असे सांगितले जाते. रॉबर्ट सिमन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी शोध घेऊनही या कथेस विश्वासार्ह आधार मिळाला नाही. कागदोपत्री ठळकपणे दिसते ती आयातदार मॅकेसन कंपनी, तिचे विपणनप्रमुख जॉर्ज बेडनार आणि व्यंगचित्रकार बिल यंग यांनी रेखाटलेला उदास चेहऱ्याचा लाटास्वार. भित्तिपत्रके, टी-शर्ट, पेले अशा साधनांद्वारे हा हार्वे घरोघरी पोचला. १९८२ मध्ये हार्वे कीन यांच्या मार्गदर्शनाखालील मिलवॉकी ब्रुअर्स या बेसबॉल संघास ‘हार्वेज वॉलबँगर्स’ असे टोपणनाव मिळाले, यावरून या नावाची रुजवण लक्षात येते.

पुनरुज्जीवनाची चिकित्सा :
नव्या मद्यमिश्रकांनी या पेयाचे दोष अचूक हेरले. डबाबंद रसाऐवजी ताजा रस, संत्र्याच्या मवाळ आंबटपणास लिंबाची जोड, गॅलियानोच्या प्रमाणाचा पुनर्विचार या सुधारणांनी पेयाचा अतिगोडपणा कमी होतो. गॅलियानोचे ४२.३ टक्के अल्कोहोलचे रूपही ‘लॉतेंतिको’, म्हणजे ‘अस्सल’, या नावाने बाजारात आले. रुचीच्या पातळीवर हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत.

परंतु येथेच एक विसंगती दिसते. रसाच्या ताजेपणाबाबत काटेकोर असणाऱ्या अनेक मेनूकार्डांवर टॉम हार्वेची शिळी कथा मात्र जशीच्या तशी वाढली जाते. पेय सुधारले, कथा सुधारली नाही. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मधील ग्रंथात ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना मांडली. हार्वेच्या बाबतीत परंपरा निर्माण करणारी संस्था राज्यसत्ता नसून जाहिरात आहे, एवढाच फरक.

‘मनोरंजक कथेने कोणाचे काय बिघडते?’ असा आक्षेप येथे संभवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हानी दुहेरी आहे. एक म्हणजे, काल्पनिक लाटास्वार नायक ठरतो आणि त्याला प्रत्यक्ष रूप देणारा चित्रकार विस्मृतीत जातो. दुसरे म्हणजे, विक्रीसाठी रचलेला मजकूर पुनरुक्तीच्या बळावर इतिहासाचा दर्जा मिळवितो आणि वाचकाची पुरावा मागण्याची सवय क्षीण होते.

निष्कर्ष :
हार्वे वॉलबँगरची खरी कथा खोट्या कथेपेक्षा कमी रंजक नाही. एका व्यंगचित्राने सामान्य पेयास राष्ट्रीय कीर्ती मिळवून द्यावी, ही विसाव्या शतकातील ग्राहकसंस्कृतीची मोलाची नोंद आहे. म्हणून या कॉकटेलचे पुनरुज्जीवन प्याल्यापुरते मर्यादित न राहता मेनूकार्डावरील दोन ओळींपर्यंत पोचले पाहिजे. आख्यायिका अवश्य सांगावी. मात्र ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. अस्सलपणाचा दावा करणाऱ्याने किमान एवढे पथ्य पाळणे अगत्याचे ठरते.