थकव्याचें वाङ्मय आणि ‘पैस’

एखाद्या वाङ्मयाची श्रीमंती मोजावयाची झाल्यास त्यांत वीररस किती आणि शृंगार किती हें आपण पाहतों. त्यांत दुखणें किती, आणि विशेषतः दुखण्यांतून उठणें किती, हें सहसा कोणी पाहत नाहीं. मराठी साहित्यांत माणसें मरतात पुष्कळ. क्षय, प्लेग आणि विषमज्वर यांनीं आमच्या कथा-कादंबऱ्यांतून घेतलेल्या बळींची गणतीच नाहीं. उलटपक्षीं नवसानें, अंगाऱ्यानें किंवा एखाद्या निष्णात डॉक्टराच्या हातगुणानें खडखडीत बरे होणारेही पुष्कळ. पण जो मरत नाहीं आणि बराही होत नाहीं, ज्याच्या अंगांतलें बळ दहाबारा वर्षें कोठें तरी गहाण पडल्यासारखें होतें, आणि पन्नाशी उलटल्यावर जो हळूहळू, रुपयांतले दहा आणे एवढाच परत येतो, त्याला आपल्या साहित्यांत जागा कोठें आहे? हा प्रश्न मी केवळ वाङ्मयीन जिज्ञासेनें विचारीत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

२००६ सालीं महाराष्ट्रांत चिकुनगुन्याची साथ पसरली, तींत प्रस्तुत लेखकही सांपडला. ताप आठवड्यांत उतरला, सांधे वर्षभरानें मोकळे झाले. थकवा मात्र राहिला तो राहिलाच. एक तास शिकवावें आणि दोन दिवस अंथरुणाला खिळावें, रात्रभर निजावें आणि सकाळीं अधिकच दमून उठावें, असें बारा वर्षें चाललें. रक्त तपासावें तों सर्व ठीक! या विकाराला वैद्यकांत १९८८ पासून ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असें नांव आहे. सहा महिन्यांहून अधिक टिकणारी, विश्रांतीनें न जाणारी, आणि थोड्याशा श्रमानें, कित्येकदां दुसऱ्या दिवशीं, दुणावणारी ग्लानि ही त्याची मुख्य खूण. त्याचें निश्चित निदान करणारी तपासणी अद्यापि नाहीं. फार दिवस अशा रोग्यांना व्यायाम रोज थोडाथोडा वाढवीत नेण्याचा उपदेश करण्यांत येत असे. इंग्लंडांतील वैद्यकीय मार्गदर्शिकेनें २०२१ सालीं तो मागें घेतला. पण त्याच्या कितीतरी आधीं तो मीं निष्ठेनें पाळून पाहिला होता, आणि दर वेळीं एकेक पायरी खालींच उतरलों होतों.

बेलापुरास आमचें थोडें रान आहे, प्रवरेच्या कालव्याखालचें. माझ्या लहानपणीं त्यांतला एक तुकडा उंसाला अतोनात पाणी देऊन देऊन पाणथळ झाला आणि पुढें खारावला. त्यावर पांढरा थर येई आणि कांहीं उगवत नसे. चुलत्यांनीं त्यांत चर खणले, धैंचा पेरून गाडला, आणि तो तुकडा दोन वर्षें तसाच राहूं दिला. माझ्या दुखण्याच्या पांचव्या वर्षीं ते मला पाहावयास आले. उशाशीं टॉनिकांच्या बाटल्या आणि भिंतीवर व्यायामाचें वेळापत्रक पाहून माझ्या पत्नीला म्हणाले, “सूनबाई, रान दमलंय ह्याचं. दमल्या रानाला आणखी पाणी नसतं पाजायचं. आधी चर खणा.” त्या दिवशीं आम्ही दोघेंही हंसलों. पुढें मी जो थोडाबहुत सुधारलों तो त्याच वाटेनें: अंगांत जेवढें बळ असेल त्याहून कमीच खर्च करावयाचें, आणि बरें वाटूं लागलें म्हणून चेकाळून जावयाचें नाहीं. ही वाट प्रत्येकाला मुक्कामास पोंचविते असें नाहीं. पूर्ववत् होणारे थोडेच. पुष्कळांना केवळ अंशतः उतार पडतो, आणि कित्येकांना तोही नाहीं.

आतां भाषेकडे वळूं. व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें १९२६ सालीं ‘क्रायटीरिअन’ त्रैमासिकांत आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीला आजार हा वाङ्मयाचा विषय म्हणून कां बसला नाहीं, असें तिनें त्यांत विचारलें. आणि आजाऱ्याची भाषा दरिद्री असते, अशी तक्रारही केली. इंग्रजीपुरती ती खरी असेल. आपल्याकडे प्रकार निराळा आहे. आपल्याजवळ शब्द आहेत, पण आपण ते वापरीत नाहीं. सुश्रुताच्या शारीरस्थानांत ‘क्लम’ आणि ‘आलस्य’ यांच्या व्याख्या जवळजवळ आल्या आहेत. श्रम केल्यावांचून देहाला जो शीण येतो तो क्लम. शक्ति असूनही काम करण्याचा उत्साह नसणें तें आलस्य. एक देहाची अवस्था, दुसरी मनाची. हा भेद इतका स्वच्छ आहे कीं, तो एवढा एक जरी आपल्या व्यवहारांत उतरला असता तरी पुष्कळ घरांतले अश्रु वांचले असते. पण मराठींत ‘आळस’ घरोघर नांदला आणि ‘क्लम’ पोथींतच राहिला. शीण, थकवा, मरगळ, गळाठा हे शब्द आहेत खरे, परंतु ते ऐकणारा पुढें विचारतो, “एवढें केलेंत तरी काय?” मलाही हा प्रश्न सहकाऱ्यांनीं विचारला, आप्तांनीं विचारला, आणि सर्वांत अधिक वेळां तो मींच स्वतःला विचारला. ज्या दुखण्याला भाषेंत नांव नाहीं तें माणसाच्या स्वभावाच्या खातीं जमा होतें.

अशा दुखण्यांतून उठलेल्यांविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा विजयाच्या थाटाचें असतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचें उदाहरण घ्या. क्रिमियाच्या युद्धाहून ती १८५६ सालीं परतली, त्यानंतर लौकरच ती अंथरुणास खिळली, आणि कित्येक वर्षें बहुतेक खोलीबाहेर पडली नाहीं. तिचा आजार ब्रुसेलोसिसचा असावा असें आज पुष्कळांना वाटतें; आणि तिचा जन्मदिवस, १२ मे, हा या थकव्याच्या विकाराचा जागृतिदिन म्हणून पाळतात. त्या खोलींतूनच तिनें हिंदुस्थानच्या आरोग्याचा प्रश्न हातीं घेतला, दख्खनच्या कर्जबाजारी रयतेविषयीं लिहिलें, आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार ठेवला. उतारवयांत तिची प्रकृति पुष्कळ निवळली. पण तिच्या कहाण्यांत दिवा हातीं घेऊन फिरणारी परिचारिका जेवढी ठळक आहे, तेवढी हीं मधलीं वर्षें नाहींत. त्यांतलें काम मोजतात. तें काम करणारीला एका पत्राची किंमत किती दिवसांच्या निजण्यानें चुकवावी लागली असेल, तें कोण मोजतो? पुतळा उभा करावयाचा असला कीं खाट अडचणीची होते.

याला सुंदर अपवाद म्हणून अमेरिकेंतील एलिझाबेथ टोव्हा बेली हिचें २०१० सालीं प्रसिद्ध झालेलें गोगलगाईवरील पुस्तक सांगतां येईल. अंथरुणावर कूसही न बदलवणाऱ्या या बाईच्या उशाशीं मैत्रिणीनें फुलांच्या कुंडींतून एक रानगोगलगाय आणून ठेवली, आणि वर्षभर त्या दोघींची चाल जुळली! पुस्तकांत रडगाणें नाहीं कीं विजयाची नौबत नाहीं. जो जीव धांवूं शकत नाहीं त्याला सावकाश चालणारें जग दिसूं लागतें, एवढेंच तींत सांगितलें आहे. आणि तें पुरेसें आहे.

हें वाचीत असतां मला वारंवार एका मराठी लेखिकेची आठवण होत गेली. दुर्गा भागवत या तरुणपणीं मध्य हिंदुस्थानांतील आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करीत हिंडत असतां त्यांच्या खाण्यांत एक विषारी कंद आला, आणि पुढचीं सुमारें सहा वर्षें त्यांना दुखण्यांत काढावीं लागलीं. त्यांचा आजार विषबाधेचा होता. माझ्या विकाराचें नांव मी त्यांच्या आजाराला देऊं इच्छीत नाहीं. पण ऐन उमेदींतला माणूस वर्षानुवर्षें आडवा होतो आणि मग पुन्हां उठतो, हा अनुभव दोहोंकडे एकच आहे. त्यांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. तें दुखण्याची कहाणी सांगणारें पुस्तक नव्हे. तरीही मी तें दुखण्यांतून उठलेल्या माणसाचें पुस्तक म्हणून वाचतों. हा माझा वाचकाचा तर्क आहे, लेखिकेचा कबुलीजबाब नव्हे. त्याचीं कारणें दोन.

पहिलें कारण दृष्टीचें. आपल्या कवितेंतला निसर्ग बहुधा कवीच्या मनःस्थितीचा रंग घेऊन येतो. बालकवींसारख्या श्रेष्ठ कवीच्या बाबतींतही हें खरें आहे. धडधाकट माणूस निसर्गाकडे जातो तो आपला आनंद किंवा आपलें दुःख बरोबर घेऊन. दुर्गाबाई जात नाहींत, त्या थांबतात. झाड पालवतें केव्हां, फूल गळतें कसें, ढगाचा रंग कोणत्या घटकेला पालटतो, हें त्या पाहत राहतात, आणि त्यांतून स्वतःसाठीं कांहीं मागत नाहींत. हें न मागणारें पाहणें निरोगी माणसाला सहसा साधत नाहीं, कारण त्याला पुढच्या कामाची घाई असते. माझ्या खिडकींतून एक कडुलिंब दिसतो. नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत त्याला मोहोर केव्हां येतो हें मला ठाऊक नव्हतें. दुखण्याच्या तिसऱ्या चैत्रांत तें ठाऊक झालें.

दुसरें कारण रचनेचें, आणि तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. विजयाची कहाणी ही सरळ रेषेची असते: आरोग्य, संकट, झुंज, पुन्हां आरोग्य. ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून फाल्गुनापर्यंत जातें, आणि फाल्गुनाच्या पलीकडे पुन्हां चैत्रच उभा असतो. त्यांत कोणताही महिना जिंकत नाहीं आणि कोणताही कायमचा हरत नाहीं. दीर्घ दुखण्यांतून उठणाऱ्याचा काळ नेमका असाच असतो. दोन महिने बरे जातात, तिसऱ्यांत जुनी ग्लानि दाराशीं येऊन बसते. रेषेच्या हिशेबानें तो पराभव. चक्राच्या हिशेबानें ती केवळ पानगळ. यावर कोणी म्हणेल कीं, मग सुधारणा ती कसली? त्याला उत्तर आमच्याकडील कोणताही गाडीवान देईल: चाक जागच्या जागीं फिरतें, पण गाडी पुढें जाते.

या पुस्तकांत उणें कांहीं नाहीं असें मात्र नव्हे. व्यासंगाचा भार कांहीं ठिकाणीं निरीक्षणावर पडतो. संस्कृत काव्य, लोकगीत आणि वनस्पतींची नांवें यांची दाटी झाली म्हणजे वाचक दमतो, आणि दमण्याचा सराव असलेल्याला तें लगेच कळतें. शिवाय पाहण्याची ही शांति सर्वांच्या वाट्याला येत नाहीं, हेंही विसरतां कामा नये. ज्या बाईला थकव्यांतही चूल पेटवावी लागते, किंवा ज्या मजुराचा दिवस बुडाला कीं पोट बुडतें, त्याला कडुलिंबाचा मोहोर पाहावयास सवड कोठची? मला पगार चालू होता आणि पत्नीनें घर सांभाळलें, म्हणून मी पाहूं शकलों. थकव्याचें खरें मराठी वाङ्मय त्या चुलीपाशीं लिहिलें जाईल, आणि तें अजून लिहिलें गेलेलें नाहीं.

या लेखिकेचें उत्तरायुष्य सर्वांस ठाऊक आहे. जन्म १९१० चा. १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं आणीबाणीचा उघड निषेध केला, आणि पुढें कारावासही पत्करला. त्यावर “आजारावर मात करून” असें लिहिण्याचा मोह होतो. तो मी टाळतों. त्याऐवजीं मधल्या एका पुस्तकाकडे बोट दाखवितों. १९७० सालच्या ‘पैस’ या संग्रहांतील त्याच नांवाचा लेख नेवाशाच्या खांबावर आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली असें परंपरा मानते, तो हा खांब. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळी जागा. टेकण्याच्या एका दगडाला लोकांनीं मोकळ्या जागेचें नांव द्यावें यांत केवढा अर्थ आहे! आपल्याला वाटतें, टेकला तो संपला. परंपरा सांगते कीं, एवढा मोठा ग्रंथ सांगणाराही टेकला होता.

नेवासें आम्हांला परकें नाहीं. आमच्या बेलापुरावरून जाणारी प्रवराच पुढें त्या गांवाला जाते. तरी बारा वर्षांत माझें तेथें जाणें झालें नव्हतें. २०१८ च्या माघांत, अंगांत बळ साठवून, मी एस्. टी. नें गेलों. गाभाऱ्यांत मूर्तीच्या जागीं तो उभा दगड आहे. त्यावर एक शिलालेख आहे. त्यांत देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाची नोंद आहे. मी तो वाचीत उभा राहिलों. अखंड दिवा म्हटला तरी तो एकदांच ओतलेल्या तेलावर जळत नाहीं. कोणी तरी रोज, बेतानें, थोडें तेल घालीत असतो. हें मला पन्नाशीनंतर, एका जुन्या दानपत्राकडून कळावें! उभें राहवेना तेव्हां मी बाहेर येऊन ओट्यावर टेकलों, आणि त्या टेकण्याची मला पहिल्या प्रथम लाज वाटली नाहीं.

सायंकाळच्या गाडीनें परत आलों. दुसरा दिवस निजून काढला. तिसऱ्या दिवशीं वर्गांत ‘पैस’ वाचावयास घेतला, बसूनच शिकविला.