अपयशाची साक्ष

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, की दोन दिवस घर सुन्न असते आणि तिसऱ्या दिवशी कोणी तरी वडीलधारा मनुष्य ‘अपयश ही यशाची पहिली पायरी होय’ हे वचन उच्चारतो. हेतू चांगला असतो आणि त्या घटकेला त्याने घरातील माणसांना थोडा धीरही येतो. परंतु वाङ्मयाचा विचार करणाऱ्यास या वचनाची परीक्षा केल्यावाचून सुटका नाही. कारण चरित्रे, आत्मचरित्रे, व्याख्याने आणि ‘यशस्वी कसे व्हावे’ हे शिकविणारी पुस्तके यांचा फार मोठा भाग याच एका वचनाच्या आधारावर उभा आहे. हे वचन कितपत खरे आणि कोणाच्या बाबतीत खरे, याचा शोध आमच्या भाषेतील काही चांगल्या ग्रंथांच्या साहाय्याने घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

या प्रकारच्या वाङ्मयाचा आद्य नमुना म्हणजे सॅम्युअल स्माइल्स याचा स्वावलंबनावरील इंग्रजी ग्रंथ. तो १८५९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या वळणाची पुस्तके आपल्याकडेही पुढे पुष्कळ झाली. त्यांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे: प्रथम दारिद्र्य, मग प्रयत्न, मग अपयश, मग चिकाटी आणि अखेरीस यश. या साच्यात एक मोठी खोट आहे. जो अखेरीस यशस्वी झाला, त्याचेच चरित्र लिहिले जाते. त्याच वाटेने तितक्याच चिकाटीने चालून जो मध्येच पडला, त्याची हकीकत कोणी विचारीत नाही. शिवाय चरित्रकारास शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे नायकाची प्रत्येक ठेच त्याला पायरीसारखी दिसू लागते. ठेच लागली त्या क्षणी ती नुसती ठेच होती आणि बोटातून रक्त येत होते, हे तो विसरतो आणि वाचकालाही विसरावयास लावतो.

या दृष्टीने पाहता महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ हा आमच्या भाषेतील एक विलक्षण ग्रंथ ठरतो. तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ मधील, विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी १९२० मधील आणि भारतरत्न हा सन्मान तर १९५८ मधील. म्हणजे ज्या यशामुळे कर्व्यांचे नाव आज घरोघर घेतले जाते, त्यातील पुष्कळसे यश हा ग्रंथ लिहिताना लेखकाच्या स्वप्नातही नव्हते. सत्तावन्न वर्षांचा एक गणिताचा अध्यापक आपल्या कामाचा हिशेब देत आहे आणि त्या हिशेबाची अखेरची बेरीज त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. ‘आत्मवृत्ता’तील अपयशांना शोभिवंत चौकट बसविलेली नाही, याचे कारण लेखकाच्या विनयाइतकेच या सालातही आहे, असे आम्हांस वाटते.

सातारच्या प्रवासाचा प्रसंग प्रसिद्धच आहे. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी भर पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट ओलांडून शंभराहून अधिक मैलांची वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोचला. तेथे परीक्षकांनी त्याची लहानखुरी अंगकाठी पाहून, हा वयात बसत नाही असे ठरविले आणि त्यास परत पाठविले. आजचे व्याख्याते हा प्रसंग चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. आम्ही विचारतो, या अपयशातून त्या मुलाने काय शिकावयाचे होते? त्याचा अभ्यास कमी पडला नव्हता, श्रमही कमी पडले नव्हते. त्याचा चेहरा तेवढा वयापेक्षा कोवळा होता. या अपयशात कसलाही धडा नाही; तो निव्वळ अन्याय आहे. कर्व्यांनी तो सोसला, १८८१ साली ते मॅट्रिक झाले, १८८४ साली पदवीधर झाले. परंतु हे यश त्या अपयशाने दिले असे म्हणणे म्हणजे पायात काटा मोडला म्हणून मुक्कामास पोचलो, असे म्हणण्यासारखे आहे. काटा मोडलेला असताही पोचलो, एवढेच खरे.

याच ग्रंथातील दुसरे अपयश मात्र निराळ्या जातीचे आहे आणि आमच्या विषयाचे मर्म तेथे सापडते. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याचा जाच त्यांच्या मातोश्रींनाही सोसावा लागला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी काढली. काम चालले, परंतु फारच मंद गतीने चालले. समाज अशा उत्तेजनाने हलत नाही, हे दिसून आले. पुढे त्या मंडळीचे नाव बदलून, विधवाविवाहास होणारा प्रतिबंध दूर करणारी मंडळी अशा अर्थाचे ठेवण्यात आले. वरवर पाहता हा शब्दांचा फेर आहे. परंतु ‘उत्तेजन’ हा शब्द जाऊन ‘प्रतिबंध निवारण’ हा शब्द आला, यात एका कार्यकर्त्याने आपले अपयश नीट वाचल्याची खूण आहे. लोकांना ओढीत नेता येत नाही, फार तर त्यांच्या वाटेतील धोंडे बाजूस करता येतात, हे त्यास उमगले होते. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तेव्हा कर्व्यांच्या कामाचा रोखच पालटला होता. विधवेचा विवाह होवो वा न होवो, ती शिकली पाहिजे आणि आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, हा नवा विचार होता. पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमाच्या कार्यात येऊ दिला नाही, म्हणून सुधारकांचाही रोष पत्करला.

येथे अपयशाने खरोखर काही शिकविले. ते का शिकविले, हे पाहणे अगत्याचे आहे. या अपयशाचे कारण शोधता येण्याजोगे होते, ते शोधण्याइतका निरहंकार त्या पुरुषाच्या ठिकाणी होता आणि रीत बदलण्यास त्यास अवसर होता. साताऱ्यास यांपैकी काहीच नव्हते. नुसती चिकाटी म्हणाल, तर ती दोन्ही ठिकाणी सारखीच होती. यशाची पुस्तके चिकाटीची जी एवढी स्तुती करतात, ती आम्हांस अपुरी वाटते याचे कारण हेच. बंद भिंतीवर पुनःपुन्हा डोके आपटणे हीही चिकाटीच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुढील दोन-तीन वर्षांत चार भागांनी प्रसिद्ध झाली. अपयशाकडे पाहण्याची तिसरीच रीत त्यांत आढळते. रेव्हरंड टिळक एक नोकरी धरीत आणि दुसरी सोडीत, एका गावी बिऱ्हाड मांडीत आणि ते मोडून दुसऱ्या गावी जात. या ओढाताणीत लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडी कितीदा विसकटली, याची गणती नाही. दुसऱ्या एखाद्या लेखिकेने यातून सहनशीलतेचा उपदेश काढला असता. लक्ष्मीबाई हसतात आणि आपल्याला हसवितात. त्यांच्या ग्रंथात बोध असा शोधूनही सापडत नाही. सापडते ती एका बाईची वाढत गेलेली समज. जेमतेम अक्षरओळख असलेली ही स्त्री पुढे पतीच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन कितीतरी पुढे नेते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या हसण्याची किंमत निराळी सांगावयास नको. जे दुःख आपल्याला हसून सांगता येते, ते आपण पुरते पाहिलेले असते. सुभाषितांत बसविलेले दुःख बहुधा न पाहिलेलेच असते.

आता प्रतिपक्षाचे एक उदाहरण घेतले पाहिजे. एरवी आमचा विचार एकांगी होईल. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांसमोर आला. त्यापूर्वी छायाचित्रणाचा आणि छापखान्याचा असे धंदे त्यांच्या हातून निसटले होते. तेथवर त्यांचे चरित्र स्माइल्सच्या साच्यात चपखल बसते आणि बहुतेक व्याख्याते तेथेच थांबतात. परंतु आयुष्य तेथे थांबत नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून घडत आला होता. काळाने त्यास मागे टाकले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यानेही गेलेले वैभव परत आणले नाही आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचे उपेक्षेत देहावसान झाले. या अपयशाची पायरी कोणत्या मजल्यावर जात होती? ज्याने या देशाला एक कला दिली, त्या पुरुषाचे उत्तरायुष्य आमच्या वचनात बसत नाही म्हणून ते सांगावयाचेच नाही काय? उलट आम्हांस असे वाटते की, शेवट गोड नसतानाही त्या मनुष्याची योग्यता तिळमात्र कमी होत नाही, हे जोवर आम्ही आमच्या मुलांना सांगत नाही, तोवर आम्ही त्यांना यशाची पूजा शिकवितो आणि तिलाच प्रयत्नवादाचे नाव देतो.

हा सारा विचार आम्हांस विशेष निकडीचा वाटतो तो किनवटासारख्या ठिकाणाकडे पाहून. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात, सागवानी अरण्याच्या कुशीत हा तालुका वसला आहे. निजामी राजवटीत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. येथल्या बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली कानी पडतात. त्या राजवटीत सरकारी शिक्षणाची आणि दरबाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचीच निवड केली. घरी मराठी आणि शाळेत उर्दू अशा कात्रीत सापडलेला मराठवाड्यातील मुलगा अनुत्तीर्ण झाला, तर ते अपयश कोणाचे म्हणावयाचे? आणि न्यायाने विचार करावयाचा, तर पुढचा प्रश्नही आपणच आपणास विचारला पाहिजे: आज घरी गोंडी किंवा कोलामी बोलणारे मूल मराठी पुस्तकाशी अडखळते, तेव्हा ते अपयश कोणाचे? काल जो अन्याय आम्हांस कळला, तो आज आमच्या हातून घडत असता कळू नये, ही मोठी खेदाची गोष्ट होईल. अशा मुलास पायरीचे सुभाषित ऐकविणे म्हणजे त्याच्यापुढे जिना न ठेवता चढण्याचा उपदेश करणे होय.

याच मराठवाड्याच्या भूमीत नरहर कुरुंदकर झाले. १९३२ साली जन्मलेला हा मनुष्य महाविद्यालयीन परीक्षांत वारंवार अनुत्तीर्ण झाला, ही गोष्ट नांदेडकडे कौतुकाने सांगितली जाते. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी शिक्षकी केली, पुढे तेथील पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले आणि १९८२ साली मृत्यू आला तेव्हा मराठीतील अग्रगण्य विचारवंतांत त्यांची गणना होत होती. परंतु या कौतुकातही पायरीचेच वचन लपलेले असते, म्हणून त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. नापास झाले म्हणून कुरुंदकर मोठे झाले, हे खरे नव्हे. परीक्षेचा निकाल आणि आपली बुद्धी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे ओळखून त्यांनी वाचन सोडले नाही, हे खरे. परीक्षेने त्यांच्याविषयी दिलेली साक्ष त्यांनी ऐकून घेतली, पण ती अखेरची मानली नाही. आणि त्यांच्यासारखी ग्रंथांची सोबत व जाणत्यांचा सहवास ज्यांस लाभला नाही, असे कितीजण एका निकालाच्या कागदासरशी कायमचे मागे फिरले असतील, हा विचार आम्हांस अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. अपयश हा गुरू नव्हे. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. तो कधी खरे बोलतो, कधी अर्धवट बोलतो, आणि कधी त्याला कशाचीच माहिती नसते. आपली रीत चुकली काय, हे त्याला प्रथम विचारावे. चुकली असल्यास कर्व्यांप्रमाणे नावापासून रोखापर्यंत सारे बदलावे. दोष आपला नसून दाराचा आहे काय, हे मग विचारावे. तसे असल्यास ते दार रुंद करण्याची जबाबदारी त्या मुलाची नव्हे, तुमची-आमची आहे. आणि दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर फाळक्यांचे स्मरण करून मुकाट्याने मान लववावी. कारण सर्व दुःखांचे जमाखर्च मिळत नसतात.

आत्मचरित्रे वाचणाऱ्या कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे की, जे पुस्तक प्रत्येक ठेचेतून एकेक सुवचन काढून दाखविते, ते मुलांच्या हाती देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आणि जे पुस्तक ठेच लागली तेव्हा काय वाटले, कारण काय निघाले आणि पुढचे पाऊल कोठे टाकले एवढेच सरळ सांगते, ते घरी अवश्य ठेवावे. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मुलाशी काही बोलावयाचेच असेल, तर वचन उच्चारण्याऐवजी त्याची उत्तरपत्रिका किंवा वही काढून त्याच्याशेजारी बसावे आणि कोठे अडले, हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे.